नक्षी शाबूत, तरी टायर बाद

बोटीचा ट्रेलर वर्षातून चार-दोनदाच तलावावर जातो, म्हणून टायरची नक्षी कोरी दिसते. तिच्यावर जाऊ नका. नागपूरच्या ४५ अंशांच्या उन्हात रबर उभ्या-उभ्याच कडक होतं.

१. टायरच्या बाजूवर ‘DOT’ (डॉट) या इंग्रजी अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीतले शेवटचे चार आकडे वाचा. २३१९ म्हणजे २०१९चा २३वा आठवडा. आकडे दिसत नसतील तर ट्रेलरखाली वाकून आतली बाजू बघा, बरेचदा तिकडेच असतात.

२. सहा वर्षं झाली की बदला. स्टेपनीही.

३. फुगवटा, उघडे दोरे किंवा नख अडकेल अशी भेग दिसली, तर वय मोजत बसू नका.

कारचे उतरवलेले टायर मात्र चढवू नका. बोटीसकट ट्रेलरचं वजन त्यांना झेपेलच असं नाही.