एमओटीएचला प्रवेश मिळाला? पहिल्या वर्षातल्या या चुका टाळा

एमओटीएच म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीचं, म्हणजे आजार-इजेनंतर रोजची कामं पुन्हा जमावीत यासाठीच्या उपचारांचं, मास्टर्स. त्याच्या प्रवेश परीक्षेचा, पीजीओ सीईटीचा, निकाल लागतो, कॅप राउंडमध्ये (केंद्रीय प्रवेश फेरीत) कॉलेज मिळतं, घरचे पेढे वाटून मोकळे होतात. मग पहिल्या सोमवारी डिपार्टमेंटमध्ये पाऊल टाकलं की कळतं, इथे आपल्याला कुणी विद्यार्थी म्हणून धरतच नाही. इंटर्न ‘मॅडम, हा पेशंट बघता का’ म्हणत उभे असतात, लेक्चरर जर्नल क्लबची तारीख सांगून जातात आणि गाइड विचारतात, ‘विषयाचं काय ठरलं?’

ऑक्युपेशनल थेरपीच्या मास्टर्सला अभ्यास जड गेला म्हणून अडकलेली मुलं मी फारशी पाहिलेली नाहीत. मुलं अडकतात ती तारखांमध्ये, परवानग्यांमध्ये आणि पुरेसे रुग्ण न मिळण्यात. आणि हे सगळं दुसऱ्या वर्षी अंगाशी येत असलं, तरी त्याचं बी पहिल्या चार-पाच महिन्यांत पेरलेलं असतं. बीओटीएचला, म्हणजे पदवीला, साडेचार वर्षं होती, त्यात एखादं सत्र वाया गेलं तरी भरून निघायचं. इथे दोनच वर्षं आहेत, आणि त्यात रुग्ण तपासणं, इंटर्नना शिकवणं, सेमिनार, डेझर्टेशन (प्रबंध) आणि शेवटी लेखी-प्रात्यक्षिक परीक्षा असा सगळा ऐवज बसवायचा आहे.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो. राज्याच्या व्यवसायोपचार-भौतिकोपचार परिषदेची नोंदणी झालेली नसेल किंवा नूतनीकरण राहिलं असेल तर ते आधी उरका. स्टायपेंड मिळतो का, किती आणि कधी, हॉस्टेल आहे का, हे प्रवेश घेण्यापूर्वी तिथल्याच सीनियरना विचारा. कॉलेजागणिक यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. मुंबईत भाड्याच्या खोलीत राहून विनास्टायपेंड दोन वर्षं काढणं म्हणजे काय, याचा हिशोब आधी घरी मांडलेला बरा.

विषय इंटरनेटवरून उचलणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. कुठल्या तरी परदेशी जर्नलमध्ये व्हर्च्युअल रिॲलिटीवरचा पेपर वाचला, आवडला, तोच आपला विषय. पण तुमच्या डिपार्टमेंटमध्ये ते यंत्र नाही, असलं तर बंद आहे, आणि तसे रुग्ण महिन्याला दोन येतात.

विषय आधी ओपीडीच्या रजिस्टरमध्ये शोधा. मागच्या बारा महिन्यांचं रजिस्टर घेऊन एक दुपार बसा. पक्षाघाताचे किती आले, सेरेब्रल पाल्सीची मुलं किती, मनगटाची फ्रॅक्चर किती, मानसोपचार विभागाकडून किती पाठवले गेले, ते मोजा. मग त्यावर तुमच्या अटी लावून बघा. समजा वर्षाला पक्षाघाताचे दीडशे रुग्ण येतात. त्यातून पहिलाच झटका, सहा महिन्यांच्या आतला, वय चाळीस ते पासष्ट, सूचना समजतात, खांदा फार दुखत नाही, असे निवडायला गेलात तर वीस उरतील की नाही, शंकाच. त्या वीसांतलेही काही दोन-तीनदा येऊन थांबतील. शिवाय शेजारच्या फिजिओथेरपी विभागातही कुणाचा तरी प्रबंध चालू असतो आणि त्यालाही तोच रुग्ण हवा असतो. एकच माणूस एकाच वेळी दोन उपचारांच्या अभ्यासांत सहसा घालता येत नाही. हे गाइडच्या कानावर पहिल्याच बैठकीत घाला.

साधा विषय घेतला म्हणून परीक्षक मार्क कापत नाहीत. अर्धवट नमुन्यावर ओढून-ताणून काढलेले निष्कर्ष मात्र त्यांच्या नजरेतून सुटत नाहीत.

परवानगीच्या आधी रुग्ण घेणं

सिनॉप्सिस (अभ्यासाचा आराखडा) जमा झाला, रुग्ण समोर बसला आहे, संशोधनाला नैतिक मंजुरी देणाऱ्या एथिक्स कमिटीची बैठक पुढच्या महिन्यात आहे. ‘तोवर बेसलाइन (उपचारांआधीची मोजमापं) तरी घेऊन ठेवू’ असं वाटतं. घेऊ नका. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) 2017 ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वं या बाबतीत स्पष्ट आहेत: मंजुरी आधी, सहभागी नंतर.

तुमच्या अभ्यासात काही उपचार देऊन परिणाम बघायचा असेल तर आणखी एक पायरी येते, सीटीआरआय या देशातल्या क्लिनिकल ट्रायल्सच्या नोंदवहीत नोंदणी. 1 एप्रिल 2018 पासून तिथे फक्त आगाऊ नोंदणी होते, म्हणजे पहिला रुग्ण अभ्यासात घेण्याआधीच. नंतर जाऊन ‘राहून गेलं होतं’ म्हणायची सोय नाही. पुढे पेपर छापायला गेलात की चांगली जर्नल्स पहिल्यांदा हाच नोंदणी क्रमांक मागतात. नोंदणीसाठी एथिक्सचं मंजुरीपत्र लागतं, तपासनीस शंका काढून फॉर्म परत पाठवतात, त्यात आठवडे जातात. हे आठवडे वेळापत्रकात आधीच धरून ठेवा.

एथिक्सकडून प्रस्ताव परत येण्याचं कारण बहुतेक वेळा संमतीपत्र असतं. इंग्रजीतला मसुदा शब्दाला शब्द लावून मराठीत केलेला असतो आणि तो वाचून रुग्णाला काही म्हणजे काही कळत नाही. मराठी मसुदा वेगळा, सरळ लिहा. ‘तुम्ही कधीही या अभ्यासातून बाहेर पडू शकता, त्यामुळे तुमच्या इथल्या उपचारांत काही फरक पडणार नाही’ हे वाक्य ओपीडीतल्या मावशींना वाचून दाखवा. त्यांना समजलं तर कमिटीलाही चालेल.

मोजपट्ट्या डोळे झाकून घेणं

मोजपट्ट्या म्हणजे रुग्णातला फरक मोजायच्या स्केल आणि प्रश्नावल्या. याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण इथल्या चुका दिसायला बारीक आणि परिणामाने मोठ्या असतात.

पहिली म्हणजे वर्गीकरणालाच परिणाम मोजायचं साधन समजणं. जीएमएफसीएसचे पाच स्तर सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाच्या हालचालींचं वर्णन करतात. मॅक्सचे पाच स्तर हातांच्या वापराचं. बारा आठवड्यांच्या थेरपीने स्तर बदलावा अशी त्यांची रचनाच नाही. ‘उपचारांनंतर जीएमएफसीएसमध्ये फरक आढळला नाही’ हा निष्कर्ष म्हणून लिहिलात तर व्हायवाचा, म्हणजे तोंडी परीक्षेचा, अर्धा तास त्यावरच जाईल.

दुसरी, स्नायूंचा ताठरपणा मोजणाऱ्या मॉडिफाइड ॲशवर्थची सरासरी काढणं. त्या स्केलवर 0, 1, 1+, 2, 3, 4 असे दर्जे आहेत. या 1+ ला तुम्ही दीड धरणार की दोन? मास्टर चार्टमध्ये काहीतरी आकडा टाकावा लागतो म्हणून टाकला जातो, सॉफ्टवेअर निमूटपणे सरासरी काढून देतं आणि तक्त्यात ‘1.73’ असं काहीतरी छापलं जातं. हे दर्जे क्रमवार आहेत. त्यांना मध्यक आणि नॉनपॅरामेट्रिक (सरासरीवर न बेतलेल्या) चाचण्या लागतात. सांख्यिकीतज्ज्ञाकडे डेटा गोळा झाल्यावर जायची पद्धत आहे, ती उलटी आहे. सिनॉप्सिस लिहिताना जा.

तिसरी चूक आपल्या मातीतली. हाताने रोजची कामं किती जमतात हे विचारणारी डॅश प्रश्नावली घ्या. तीस प्रश्न, गुणांक काढायला त्यातले किमान 27 भरलेले हवेत. त्यात स्वेटर डोक्यावरून घालणं आहे, बागकाम आहे, गोल्फ-टेनिससारखे खेळ आहेत, फ्रिस्बी आहे, लैंगिक संबंधांबद्दलचा प्रश्न आहे. मनगट मोडलेली, पन्नाशीची भाजीवाली ओपीडीत बसली आहे. सोबत सून आहे. भाजीवाली यातले चार प्रश्न कोरे ठेवणार, हे सांगायला ज्योतिषी नको. चार कोरे राहिले की त्या बाईंचा गुणांकच निघत नाही. असे दहा रुग्ण झाले तर तुमचा नमुना कागदावर आहे आणि विश्लेषणात नाही.

उपाय अवघड नाहीत, फक्त आधी करावे लागतात. मराठी आवृत्ती आहे का, वापरायला परवानगी किंवा शुल्क लागतं का, हे हक्कधारकांच्या संकेतस्थळावर बघा. मराठी आवृत्ती नसेल तर आपणच भाषांतर करून लगेच वापरता येत नाही. भाषांतर, उलट भाषांतर, तज्ज्ञांची बैठक, काही रुग्णांवर चाचणी हा सगळा सोपस्कार आहे, आणि तो एक स्वतंत्र डेझर्टेशन होऊ शकतो. (विषय सुचत नसेल तर हाच घ्या, अशा कामाची खरंच गरज आहे.) पाच-सात रुग्णांवर प्रश्नावली आधी चालवून बघा आणि कोणते प्रश्न कोरे राहतात त्याची नोंद ठेवा.

आणि जोडीला सीओपीएमसारखं मुलाखतीचं साधन ठेवा. त्यात रुग्ण स्वतः अडचणी सांगतो, त्यातल्या जास्तीत जास्त पाच निवडून एक ते दहामध्ये गुण देतो. भाजीवाल्या बाईंना काय हवं आहे ते तिथे कळतं: पाटी डोक्यावर चढवणं, भाकरी थापणं, धुतलेली साडी पिळणं. मुलाखत घ्यायला वेळ लागतो म्हणून विद्यार्थी हे टाळतात.

व्यायाम म्हणजेच थेरपी असं धरून चालणं

सांध्याचा कोन मोजला, पेगबोर्ड (भोकांत खुंट्या बसवायची पाटी) दिला, थेरपुटीचा (व्यायामाच्या मऊ लगद्याचा) गोळा दाबायला सांगितला, पुढचा पेशंट. गर्दीच्या ओपीडीत हे होतं, त्यात नवल नाही. पण केस प्रेझेंटेशनमध्ये तेवढंच मांडलंत तर एकच प्रश्न येतो, ‘यात ऑक्युपेशन, म्हणजे रुग्णाचं रोजचं काम, कुठे आहे?’

स्प्लिंटचं उदाहरण बघा, कारण तिथे इंटर्न तुमच्याकडे बघूनच शिकतात. मनगटाला आधार देणारा कॉक-अप स्प्लिंट करायचा आहे. प्लास्टिकची शीट गरम पाण्यात मऊ केली, मनगट वीस-तीस अंश वर ठेवून साचा घेतला, कडा गुळगुळीत केल्या, पट्टे लावले. दिसायला देखणा. पण तळव्याकडची कड बोटांखालच्या आडव्या रेषेवर चढली आहे. आता रुग्णाची मूठ वळत नाही, वरण-भाताचा घास करता येत नाही. तो घरी जाऊन जेवताना स्प्लिंट काढतो, मग काढलेलाच राहतो, आणि फॉलोअपला आपण ‘पेशंट ऐकत नाही’ असं लिहितो. कड दोन-चार मिलिमीटर मागे कापली असती तर प्रश्न मिटला असता. स्प्लिंट दिल्यावर रुग्णाला तिथेच पेला धरायला आणि घास उचलायला लावा, मगच सोडा.

शौचालय भारतीय पद्धतीचं आहे का, आंघोळ बादली-तांब्याने होते का, झोपणं जमिनीवर आहे का, चाळीतला जिना किती पायऱ्यांचा आहे, हे मूल्यमापनात विचारलं नाही तर उरलेलं मूल्यमापन कुणा दुसऱ्याचंच असतं.

व्हायवात इतिहासावरही एखादा प्रश्न हमखास पडतो. आपल्याकडे हे शिक्षण 1950 मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात कमलाबाई निंबकरांनी सुरू केलं. बाई मूळच्या अमेरिकन, लग्नानंतर इथल्या झाल्या. 1952 मध्ये ऑक्युपेशनल थेरपिस्टांचा जागतिक महासंघ स्थापन झाला तेव्हा संस्थापक देशांमध्ये भारत होता. (इरावती कर्वे या कमलाबाईंच्या विहीणबाई, हे व्हायवात कुणी विचारत नाही, पण माहीत असायला हरकत नाही.)

गाइडशी सगळं तोंडी ठेवणं

गाइडकडे दोन-तीन विद्यार्थी, स्वतःची ओपीडी, परीक्षेची कामं असं सगळं असतं. कॉरिडॉरमध्ये उभ्या उभ्या झालेलं बोलणं त्यांच्या लक्षात राहील ही अपेक्षा धरू नका. प्रत्येक चर्चेनंतर त्याच दिवशी चार ओळींचा मेल टाका: काय ठरलं, मी काय करणार, कधीपर्यंत. उत्तर नाही आलं तरी चालेल. पुढे ‘मी असं कधी म्हटलं होतं?’ हा प्रसंग टळतो, आणि गाइड बदलले किंवा रजेवर गेले तर नव्या माणसाला सगळा माग मिळतो.

नमुना भरत नसेल तर

रुग्ण गळण्याची कारणं ठरलेली आहेत. मुंबईत मे महिन्यात आणि गणपतीत निम्मी ओपीडी कोकणात असते. नागपूरला गडचिरोली-चंद्रपूरकडून येणारा शेतकरी पेरणीच्या दिवसांत येत नाही. बारा आठवड्यांचा उपचार एप्रिलमध्ये सुरू केला तर त्याचं काय होणार ते उघड आहे. नमुन्याचा आकार काढताना दहा ते वीस टक्के गळती आधीच धरा. दोन फोन नंबर घ्या, त्यातला एक शेजाऱ्यांचा किंवा नातेवाइकांचा. सोबत येणारा माणूस रोजंदारीवर असेल तर फॉलोअपची तारीख त्याच दिवशी ठेवा ज्या दिवशी त्यांना औषधांसाठी तसंही यायचं आहे.

एवढं करूनही निम्मा काळ सरला आणि निम्मे रुग्ण झाले नाहीत, असं होतं. अशा वेळी वयाची अट गुपचूप वाढवणं, सहा महिन्यांऐवजी आठ महिन्यांपूर्वीचा झटका चालवून घेणं, असले प्रकार सुरू होतात. मूळ केस पेपरवर तारीख असते, परीक्षक तो मागू शकतात. त्यापेक्षा गाइडशी बोलून अटी रीतसर बदला: कारण लिहून एथिक्स कमिटीकडे सुधारणेचा अर्ज द्या, मंजुरी आल्यावर सीटीआरआयवरची नोंदही बदला आणि प्रबंधात बदलाची तारीख लिहा. दुसरं केंद्र जोडायचं असेल तर तिथल्या कमिटीची मंजुरी वेगळी लागते, त्यामुळे हा पर्याय शेवटच्या चार महिन्यांसाठी राखून ठेवू नका. आणि रुग्ण कमी भरले तर कमीच दाखवा. किती जणांना विचारलं, किती आले, किती कुठल्या टप्प्यावर आणि का सुटले, याचा तक्ता पहिल्या रुग्णापासून ठेवला असेल तर तेवढ्या आकड्यांवरही प्रबंध उभा राहतो.