घरी खायच्या मक्याला आणखी दोन उन्हं द्या

परतीच्या पावसाने उघडीप दिली की खरिपाचा मका काढायची घाई सुरू होते. बाजारात न्यायचा मका ओलसर निघाला तर भावात कट लागते, एवढंच. घरच्या कोठीतला ओला राहिला तर तो आपल्याच ताटात येतो.

कणसाची पानं वाळली म्हणजे मका तयार, असं धरू नका. कणसाच्या मधला एक दाणा उपटून बूड नखाने खरवडा. काळा ठिपका दिसला की दाणा भरला. तेव्हाही त्यात ३० टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. आभाळ स्वच्छ असेल तर कणसं शेतात उभ्या ताटावरच सुकू द्या, नाहीतर खुडून छपराखाली आणा. सोलताना पानं तोडू नका. मागे ओढून चार-पाच कणसांची जुडी बांधून वाऱ्याला टांगा.

अळीने पोखरलेल्या शेंड्याकडे नीट बघा. तिथेच हिरवट-पिवळी बुरशी धरते. तिचं विष भाजून, शिजवून जात नाही. गुरांनाही घालू नका, ते दुधात उतरतं. मन घट्ट करून असं कणीस बाजूला काढायचं.

दाणे सोडवल्यावर ताडपत्रीवर पातळ पसरा, संध्याकाळी झाका. कोठीत भरताना १२ टक्क्यांपेक्षा जास्त ओल नको. ओल मोजायचं यंत्र कुठून आणणार? तव्यावर कोरडं केलेलं मीठ गार करा. कोरड्या बरणीत मूठभर दाणे आणि दोन चमचे मीठ घालून दोन-तीन मिनिटं हलवा, पंधरा मिनिटं ठेवा. काचेला मीठ चिकटलं तर ओल १५ टक्क्यांच्या वर आहे. नाही चिकटलं तरी आणखी दोन उन्हं द्याच. एका दसऱ्याला मी हे टाळलं. दिवाळीत झाकण उघडलं तर कुबट वास आणि सोंडेच सोंडे.

उन्हातले गरम दाणे लगेच भरू नका. गार होऊ द्या, नाहीतर झाकणाला घाम येतो. धान्यातली कीड मारायच्या सल्फासच्या गोळ्या राहत्या घरात अजिबात नकोत, त्यांतून निघणाऱ्या वायूने माणसं दगावली आहेत. पेरणीतून उरलेलं औषध लावलेलं रंगीत बियाणं तर धुऊनही खायचं नाही.

स्वीट कॉर्न वाळवून पिठाला चालत नाही, सुरकुततो. भाकरीला साधा मकाच हवा. दळण आठ-दहा दिवसांपुरतंच करा, कोंबातल्या तेलामुळे पीठ कडवट होतं. पीठ उकळत्या पाण्यात भिजवा, पाच मिनिटं झाकून मग मळा. भाकरीच्या कडा फाटत नाहीत.