एसएसएच टनेल लावताय? मग या चुका टाळा

एसएसएच टनेल म्हणजे तुमच्या मशीनवरचा पोर्ट एन्क्रिप्टेड एसएसएच कनेक्शनमधून दूरच्या सर्व्हरच्या पोर्टशी जोडणं. ते चालत नाही म्हटलं की लोक आधी फायरवॉलच्या (नको ती कनेक्शनं अडवणाऱ्या भिंतीच्या) मागे लागतात. बहुतेक वेळा फायरवॉलचा काही संबंधच नसतो, घोळ असतो तो कमांडमधला लोकलहोस्ट (म्हणजे 'हेच मशीन') नक्की कुणाचा याचा.

समजा सर्व्हरवर मायएसक्यूएल डेटाबेस पोर्ट ३३०६ वर चालू आहे आणि बाहेरून बंद आहे (तसाच असायला हवा). तुम्ही लॅपटॉपवर टाकता:

एसएसएच -एन -एल ३३०७:लोकलहोस्ट:३३०६ युजर@सर्व्हर

-एन आणि -एल दोन्ही कॅपिटल, -एल म्हणजे लॅपटॉपवर पोर्ट उघडून तो पलीकडे नेणं. यातला ३३०७ तुमच्या लॅपटॉपवरचा, पण मधला लोकलहोस्ट तुमचा नाही, तो सर्व्हरचा स्वतःचा. डेटाबेस तिसऱ्याच मशीनवर असेल तर तिथे त्या मशीनचा आतला आयपी द्यायचा, आणि तो लॅपटॉपवरून पिंग होतो का बघत बसू नका, सर्व्हरवरून पोचतो का ते बघा. आणि हो, सर्व्हरपासून त्या तिसऱ्या मशीनपर्यंतचा प्रवास एसएसएच एन्क्रिप्ट करत नाही, हे बऱ्याच जणांच्या डोक्यातच येत नाही.

मायएसक्यूएलवाल्यांसाठी अजून एक खड्डा. लिनक्स किंवा मॅकवर क्लायंटला होस्ट म्हणून लोकलहोस्ट दिलं की तो पोर्टकडे न बघता सरळ लोकल सॉकेट फाइल (त्याच मशीनवरच्या डेटाबेसशी बोलायची वाट) पकडतो, म्हणजे लॅपटॉपवरही मायएसक्यूएल असेल तर तुम्ही टनेलमधून गेलेलेच नसता, स्वतःच्याच डेटाबेसमध्ये बसून टेबलं कुठे गेली म्हणून घाम गाळत असता. लोकलहोस्टऐवजी त्याचाच आयपी १२७.०.०.१ लिहा, विषय संपला.

एरर नीट वाचा, त्यात निम्मं उत्तर असतं. टनेलच्या विंडोत "ओपन फेल्ड: कनेक्ट फेल्ड: कनेक्शन रिफ्युज्ड" दिसलं तर टनेल ठणठणीत आहे, पलीकडे त्या पोर्टवर कुणी ऐकतच नाहीये. सर्व्हरवर जाऊन एसएस -टीएलएनपी मारा, कोण कुठे बसलंय ते कळेल. कधी कधी लोकलहोस्टचा अर्थ आयपीव्ही६ चा पत्ता असा लागतो आणि सर्व्हिस मात्र फक्त आयपीव्ही४ वर असते, तिथेही १२७.०.०.१ च कामाला येतो. "ॲडमिनिस्ट्रेटिव्हली प्रोहिबिटेड" आलं तर गोष्ट वेगळी, सर्व्हरच्या एसएसएचडी (सर्व्हरवरचा एसएसएच प्रोग्रॅम) कॉन्फिगमध्ये अलाउटीसीपीफॉरवर्डिंग (टनेलची परवानगी) बंद असेल किंवा तुमच्या एसएसएच की वर परमिटओपनचं (कुठल्या पत्त्यावर आणि पोर्टवर जाता येईल याचं) बंधन असेल. ॲडमिनला विचारा, क्लायंटकडून कितीही खटपट केलीत तरी ते उघडणार नाही.

सगळ्यात डेंजर मात्र "ॲड्रेस ऑलरेडी इन यूज". लोकल पोर्ट आधीच कुणीतरी धरलेला असतो, एसएसएच एक ओळ बडबडतो आणि तरी लॉगिन करून देतो, त्यामुळे वाटतं झालं काम. आता तो पोर्ट धरून बसलेलं जर सकाळचं प्रॉडक्शनचं (खऱ्या, चालू डेटाचं) टनेल असेल आणि तुम्ही स्टेजिंग (चाचणीचा सर्व्हर) समजून डिलीट क्वेरी मारली तर... म्हणून लॅपटॉपवरच्या एसएसएच कॉन्फिगमध्ये एक्झिटऑनफॉरवर्डफेल्युअर यस करून ठेवा, टनेल लागलं नाही तर कनेक्शनच होणार नाही. प्रत्येक सर्व्हरला वेगळा लोकल पोर्ट ठरवून त्याच कॉन्फिग फाइलमध्ये लिहून टाकलात तर अजून बरं. १०२४ च्या खालचा पोर्ट घेऊ नका, लिनक्सवर त्याला साधारणपणे रूट (सर्वाधिकार असलेला युजर) लागतो.

आता उलटं टनेल, -आर वालं, म्हणजे दूरच्या सर्व्हरवर पोर्ट उघडून तो तुमच्या घरच्या मशीनपर्यंत आणणारं. घरच्या राउटरवर पोर्ट फॉरवर्डिंग करून थकलेले लोक इथे येतात. राउटरच्या वॅन (इंटरनेट जोडणीच्या) पानावर १००.६४ ते १००.१२७ मधला आयपी दिसतोय? मग तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात, एकाच पब्लिक आयपीवर कित्येक घरं, राउटरमध्ये काहीही केलं तरी बाहेरून कोणी आत येणार नाही. स्वस्तातला व्हीपीएस (भाड्याचा सर्व्हर) घेऊन घरातून त्याच्याकडे -आर लावायचं. ते लावलं तरी बाहेरून उघडत नाही, कारण व्हीपीएसवर पोर्ट फक्त त्याच्या लोकलहोस्टवर ऐकतो. मग लोक कुठेतरी वाचून व्हीपीएसच्या एसएसएचडी कॉन्फिगमध्ये गेटवेपोर्ट्स यस करतात आणि घरातला विंडोजचा ३३८९ (रिमोट डेस्कटॉपचा पोर्ट) सगळ्या जगाला दाखवतात. कृपया नको. पोर्ट लोकलहोस्टवरच राहू द्या आणि लॅपटॉपवरून व्हीपीएसला -एल लावून जा, दोन टनेल झाली तरी चालतील. वेबसाइटच दाखवायची असेल तर व्हीपीएसवर पुढे एनजिनएक्स (वेब सर्व्हर) बसवा.

चहा पिऊन आलं की टनेल मेलेलं असतं, त्याला सर्व्हरअलाइव्हइंटरव्हल ३० (दर ३० सेकंदांनी कनेक्शन जिवंत आहे का ते विचारणं) पुरतं, कायमचं हवं असेल तर सिस्टमडीची (लिनक्सवर प्रोग्रॅम आपोआप चालू ठेवणाऱ्या व्यवस्थेची) सर्व्हिस करा.

-डी लावून (म्हणजे एसएसएचलाच सॉक्स प्रॉक्सी, मध्यस्थ, बनवून) ब्राउझर त्यातून फिरवणाऱ्यांनी डीएनएसही (साइटच्या नावावरून आयपी शोधणंही) प्रॉक्सीतूनच जातंय ना ते तपासा, फायरफॉक्समध्ये त्याची वेगळी टिक आहे, कर्ल कमांडमध्ये सॉक्स५ऐवजी सॉक्स५एच लिहावं लागतं. आणि यूडीपी (टीसीपीपेक्षा वेगळा प्रोटोकॉल) या फॉरवर्डिंगमधून जातच नाही, गेमचा सर्व्हर किंवा व्हीओआयपी (इंटरनेटवरून फोन) चालवायचं असेल तर सरळ वायरगार्ड व्हीपीएन टाका.