लेबर रूममध्ये सोबत हवी, तर अर्ज असा करा

वहिनीला रात्री अडीचला कळा सुरू झाल्या. डिचोलीहून निघालो, इस्पितळात पोचलो आणि मला लेबर रूमच्या दारातच अडवलं. पेजेचा थर्मास मांडीवर घेऊन चार तास बाकावर बसले. आतून ऐकू येत होतं, "आता कशाला बोंबलतेस?" पुढचं वाक्य लिहीत नाही, बऱ्याच बायकांनी ते स्वतःच्या कानांनी ऐकलेलं आहे.

माझी पहिली तक्रार फुकट गेली. "वागणूक बरोबर नव्हती" एवढंच लिहिलं होतं, त्यावर "नोंद घेतली" एवढंच उत्तर आलं. दुसऱ्या अर्जात दोनच मागण्या ठेवल्या: आत एक सोबतीण हवी आणि दोन खाटांच्या मध्ये पडदा हवा.

सोबतीण ही कुणाची मेहेरबानी नाही. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने 2016 मध्येच सरकारी इस्पितळांना तशी मुभा दिली आहे. अटी साध्या आहेत: ती स्वतः बाळंत झालेली असावी, तिला संसर्गाचा आजार नसावा, कपडे स्वच्छ असावेत, तिने शेवटपर्यंत थांबावं आणि दुसऱ्या बाईच्या खाटेकडे जाऊ नये. ह्या अटी अर्जात स्वतःच लिहा आणि खाली सोबतिणीची सही घ्या. मग "आत गर्दी होते" म्हणायला जागा उरत नाही. खासगीपणा राखता येत असेल तर नवऱ्यालाही घेता येतं. पण पडदाच नसेल तर तो कुठे उभा राहणार? म्हणून पडदा आधी मागा.

अर्ज सातव्या महिन्यातच द्या. कळा सुरू झाल्यावर कुणी कागद वाचत नाही. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी केंद्रांत गरोदर बायकांची तपासणी असते, त्या दिवशी मात्र नको, कुणाला मान वर करायला वेळ नसतो. दुसऱ्या दिवशी दुपारी मुख्य सिस्टरला भेटा. एक सिस्टर आणि पाच बाळंतिणी, असं मी पाहिलंय. म्हणून "सिस्टर वाढवा" हीही ओळ घाला. माझ्या अर्जाला पहिला होकार त्या ओळीमुळेच आला.

दोन प्रती न्या, आपल्या प्रतीवर आवक शिक्का आणि क्रमांक घ्या. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकारात अर्जाचं काय झालं ते विचारा, मुदत 30 दिवसांची. रविवारच्या ग्रामसभेतही विषय काढा. पुरुष खाली बघतात, बघू देत.

काही वाईट घडलंच तर त्याच दिवशी वेळ, ड्यूटीची पाळी आणि कानावर पडलेले शब्द जसेच्या तसे लिहून काढा. केसपेपरची प्रत लेखी मागा. डॉक्टरांच्या नियमांनुसार ती 72 तासांत द्यायची असते.

आमच्याकडे पडदा आला. हिरवा आहे, पण टीचभर आखूड. त्याचाही अर्ज परवा दिलाय.