डब्लिनात बसून नाशिकचा आयपी: घरातला जुना फोन पुरतो

रिटर्न भरायचे दिवस आले की आमच्या इथल्या मराठी ग्रुपवर हमखास एक प्रश्न येतो, कारण भारतातल्या काही साईट बाहेरून उघडत नाहीत: भारताचा आयपी (नेटवरचा पत्ता, ज्यावरून साईटला तुमचा देश कळतो) देणारा चांगला व्हीपीएन (आपलं नेट दुसऱ्या मशीनमार्गे फिरवणारं ॲप) कुठला, आणि मग खाली पन्नास उत्तरं, प्रत्येकाचं वेगळं. मी पण दोन वर्षं पैसे भरून ॲप वापरलं. मग एका दिवाळीला नाशिकला घरी गेलो तेव्हा ड्रॉवरमध्ये पडलेला आईचा जुना अँड्रॉईड फोन राऊटरशेजारी लावून आलो आणि तेव्हापासून व्हीपीएनवर एक रुपया खर्च नाही. तेच कसं केलं ते लिहितोय.

आधी विकतच्या ॲपबद्दल थोडं. लिस्टमध्ये 'इंडिया' दिसतं म्हणजे सर्व्हर भारतात आहे असं नाही. 28 एप्रिल 2022 ला सर्ट-इनने (भारत सरकारची सायबर सुरक्षेची संस्था) आदेश काढला की व्हीपीएन कंपन्यांनी गिऱ्हाइकाचं नाव, पत्ता, दिलेला आयपी वगैरे 5 वर्षं सांभाळून ठेवायचं. त्यावर एक्स्प्रेस, सर्फशार्क, नॉर्ड या व्हीपीएन कंपन्यांनी भारतातली मशीनंच काढून नेली. आता इंडिया निवडलं तरी मशीन बरेचदा सिंगापूर किंवा लंडनकडे असतं, फक्त त्याचा आयपी डेटाबेसमध्ये भारताच्या नावावर नोंदवलेला असतो. चालतं का? बऱ्याच ठिकाणी चालतं. पण तो आयपी डेटा सेंटरचा आहे हे समोरच्या साईटला कळतं, त्याच आयपीवरून शेकडो लोक आलेले असतात, आणि मग चित्रातले ट्रॅफिक सिग्नल ओळखा, परत ओळखा, आणि शेवटी ॲक्सेस डिनाईड. मला एका सरकारी पोर्टलवर एक कागद काढायचा होता, तीन रात्री हेच चाललं होतं.

फुकटच्या व्हीपीएनच्या नादी तर लागूच नका. होला नावाचं फुकट एक्स्टेन्शन लाखो लोक वापरायचे, 2015 मध्ये बाहेर आलं की वापरणाऱ्यांचंच कनेक्शन ल्युमिनाटी या नावाने दुसऱ्यांना विकलं जात होतं. म्हणजे तुम्ही फुकट सिरियल बघताय आणि तुमच्या आयपीवरून भलताच माणूस भलतंच काहीतरी करतोय.

त्यापेक्षा आपल्या घराचा आयपी बरा. तो खराखुरा घरगुती कनेक्शनचा असतो आणि वापरणारे आपणच.

आता पूर्वी लोक राऊटरमध्ये पोर्ट (बाहेरून आत यायचं दार) उघडून घरी व्हीपीएन सर्व्हर बसवायचे. हल्ली ते बऱ्याच घरांत चालत नाही कारण जुन्या पद्धतीचे आयपी जगात साधारण 430 कोटीच आहेत, ते पुरत नाहीत, म्हणून इंटरनेट कंपनी एकाच आयपीमागे कितीतरी घरं बसवते. मोठ्या सोसायटीसारखं समजा. गेटचा पत्ता एकच, आतून बाहेर कोणीही जाऊ शकतं, पण बाहेरून आलेल्याने नुसतं 'जोशींकडे जायचंय' म्हटलं तर वॉचमन सोडत नाही. राऊटरच्या सेटिंगमध्ये वॅन आयपी (राऊटरचा बाहेरच्या बाजूचा आयपी) बघा, 100.64 ते 100.127 मधल्या आकड्याने सुरू होत असेल तर तुम्ही त्या सोसायटीत आहात.

यावर उपाय म्हणजे टेलस्केल नावाचं ॲप. आतून वायरगार्डच (व्हीपीएनचं एक तंत्र) आहे, पण दोन्हीकडची मशीनं आपणहून बाहेर पडतात आणि अधेमधे एकमेकांना गाठतात, त्यामुळे वॉचमनला विचारायची गरजच नाही. घरगुती वापराला फुकट प्लॅन पुरतो.

घरी असताना करायचं काम अर्ध्या तासाचं आहे. जुना फोन रिसेट मारा, त्यातले बँकेचे ॲप, फोटो काही ठेवू नका. घरच्या वायफायला जोडा, प्लेस्टोअरवरून टेलस्केल टाका, आणि लॉगिनसाठी आईचं नाही, तुमचं स्वतःचं गूगल अकाऊंट वापरा. ॲपमध्ये एक्झिट नोडवर (ज्या मशीनमधून तुमचं नेट बाहेर पडणार ते) जाऊन 'रन ॲज एक्झिट नोड' चालू करा. इथेच बरेच जण थांबतात आणि मग म्हणतात चालत नाही. अजून एक पायरी आहे, लॅपटॉपवर टेलस्केलचं ॲडमिन पान उघडायचं, मशीन्समध्ये तो फोन शोधायचा, तीन टिंबं, राऊट सेटिंग, आणि 'यूज ॲज एक्झिट नोड'वर टिक. ही मंजुरी दिल्याशिवाय फोन नुसता बसून राहतो.

त्याच तीन टिंबांत 'डिसेबल की एक्स्पायरी' आहे, ते आत्ताच्या आत्ता दाबा. मी दाबलं नव्हतं. सहा महिने मस्त चाललं आणि मग एक दिवस गप्प, कारण लॉगिनची मुदत मुळात 180 दिवसांची असते. मग मी इथून फोनवर, आई तिथे चष्मा शोधतेय, माझा पासवर्ड तिला एकेक अक्षर सांगतोय, "अरे ॲट म्हणजे तो गोल ए का?", तोवर गूगलने माझ्याच मोबाईलवर विचारलं की नाशिकमधून कोणीतरी लॉगिन करतंय, तुम्हीच का. तासभर गेला.

नंतर फोनच्या सेटिंगमध्ये टेलस्केलचं बॅटरी ऑप्टिमायझेशन बंद करा, नाहीतर अँड्रॉईड रात्री त्याला झोपवतं. आणि 'ऑल्वेज ऑन व्हीपीएन' चालू करा म्हणजे फोन रीस्टार्ट झाला तरी ते उठतं. चोवीस तास चार्जिंगला लावलेल्या जुन्या फोनची बॅटरी फुगू शकते, म्हणून टायमरवाला प्लग लावून दिवसातून दोन-तीन तासच चार्ज होईल असं केलंय. उशीखाली, कपाटात, देव्हाऱ्याच्या बाजूला असं काही ठेवू नका, उघड्यावर ठेवा. लाईट गेली की फोन जगतो पण राऊटर मरतो, तर राऊटरचा छोटा यूपीएस मिळतो तो घ्या. आणि प्लगच्या बटणावर चिठ्ठी चिकटवा! आमच्याकडे पहिल्या आठवड्यात दोनदा आईने "विनाकारण लाल दिवा जळत होता" म्हणून बटण बंद केलं होतं.

परदेशात आल्यावर लॅपटॉपवर आणि मोबाईलवर तेच अकाऊंट टाकून लॉगिन करा, एक्झिट नोडमध्ये घरचा फोन निवडा, झालं. मग खात्री करा. ब्राउझरमध्ये 'माझा आयपी' शोधा, कनेक्शनच्या आधी एकदा आणि नंतर एकदा. शहर चुकीचं दिसलं तर घाबरू नका, नाशिकच्या आयपीला मुंबई दाखवणं अगदी कॉमन आहे, देश बरोबर पाहिजे. साईट तरी उघडत नसेल तर ब्राउझरच्या इन्कॉग्निटो विंडोमध्ये बघा, कारण जुन्या कुकीत (साईटने ब्राउझरमध्ये ठेवलेली नोंद) तुमचं आयर्लंड लक्षात असतं, आणि ब्राउझरला लोकेशनची परवानगी दिली असेल तर ती काढा. मोबाईलवरचं ॲप जीपीएस बघत असेल तर आयपी बदलून काही होणार नाही.

स्पीडचं गणित उलटं असतं. तुम्ही इथे जे डाऊनलोड करता ते घरून अपलोड होतं, त्यामुळे घरच्या प्लॅनचा अपलोड स्पीड विचारा. फायबरला सहसा दोन्ही सारखे असतात, केबलवाल्याकडे अपलोड मार खातो. फॉर्म भरायला, कागद काढायला प्रश्नच नाही. पिंग (उत्तर परत यायला लागणारा वेळ) दीडशे-दोनशे मिलिसेकंदांच्या आसपास जाणारच, अंतरच तेवढं आहे.

काही गोष्टी याने सुटत नाहीत. आयपी नाशिकचा मिळाला तरी ओटीपी तुमच्या भारतातल्या सिमवरच येणार, ते सिम रिचार्ज मारून जिवंत ठेवायचं, रोमिंग चालू ठेवायचं. तुम्ही एनआरआय झालात तर बँकेला कळवायचं ते कळवायचंच, आयपीने रेसिडेन्सी बदलत नाही. ओटीटीवाल्यांच्या अटींत हे बसत नाही बहुतेक वेळा, अकाऊंट त्यांनी बंद केलं तर भांडू नका. भारतात व्हीपीएन वापरणं हा सरसकट गुन्हा नाही, पण दुबई-अबुधाबीत असाल तर जपून, तिथे गुन्ह्यासाठी आयपी लपवला तर दंडच 5 लाख ते 20 लाख दिरहम आहे, वर कैदेची तरतूद.

आणि मित्राला ॲक्सेस देऊ नका, मॅचपुरता पण नाही. माझा रूममेट आयपीएलच्या वेळी मागे लागला होता, "यार फक्त आजचा दिवस". तो तिथून जे काही करेल ते आईच्या नावावरच्या कनेक्शनवरून झालेलं दिसणार, आणि चौकशीला कोणी आलं तर दार ती उघडणार. त्याला सांगितलं तुझ्या घरी पण जुना फोन असेलच, मी लावून देतो. लावून दिला पण.

काम झालं की एक्झिट नोड 'नन' करायला विसरू नका. मी एकदा तसाच ठेवला आणि दुसऱ्या दिवशी इथली किराणावाली साईट उघडली तर ती मला म्हणते तुमच्या भागात डिलिव्हरी उपलब्ध नाही, आणि मी वीस मिनिटं पिनकोड तपासत बसलो.