नवीन कॉम्प्युटरवर विंडोज ७ टाकताय? आधी या चुका टाळा

आपल्या सोलापुरात चादर-टॉवेलच्या बऱ्याच कारखान्यांत अजून विंडोज ७ चालू आहे, आणि ते काय हट्टापायी नाही. जकार्डचं (विणतानाच नक्षी काढणाऱ्या मागाचं) डिझाईन काढायचं जुनं सॉफ्टवेअर त्याच्यावरच चालतं, सोबत त्याचा डोंगल (पोर्टला लावल्याशिवाय सॉफ्टवेअर उघडत नाही ती चावी), कुणाकडे डॉसमधला पगाराचा प्रोग्राम. मग मे महिन्याच्या उन्हात, सुताच्या धुळीत जुना डबा बसतो, मालक नवीन कॉम्प्युटर घेऊन येतात आणि म्हणतात, "ह्याच्यावर तेच सेवन टाकून द्या की."

पहिली चूक इथेच होते, न विचारता मशीन घेतलं जातं. इंटेलच्या सातव्या जनरेशनपासून आणि एएमडीच्या रायझनपासून मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ ला सपोर्टच दिलेला नाही. त्यापुढच्या मशीनवर टाकलंच तरी ऑनबोर्ड ग्राफिक्सचा (वेगळ्या कार्डाशिवाय स्क्रीन चालवणाऱ्या भागाचा) ड्रायव्हर, म्हणजे तो भाग चालवणारं छोटं सॉफ्टवेअर, मिळत नाही, स्क्रीन मोठी फाटकी दिसते आणि डिझाईनवाल्याला तर तेच नको असतं. म्हणून पैसे देण्याआधी मदरबोर्डचं मॉडेल बघा आणि कंपनीच्या साईटवर विंडोज ७ चे ड्रायव्हर आहेत का ते शोधा. नसतील तर ते मशीन ह्या कामाचं नाही.

आता सगळ्यात जास्त डोकं खाणारी गोष्ट. पेनड्राईव्ह लावला, सेटअप सुरू झाला, भाषा निवडायची स्क्रीन आली आणि माऊस मेला. कीबोर्डचा नमलॉकचा दिवा बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगच्या स्क्रीनवर) लागत होता, तो पण विझला. अक्कलकोट रोडला एका टॉवेलच्या कारखान्यात ह्यावरून संध्याकाळी तीन कीबोर्ड बदलून झाले होते, आणि खराब एकही नव्हता. कारण साधं आहे, विंडोज ७ आलं २००९ ला, त्याच्या सेटअपमध्ये यूएसबी ३ चा ड्रायव्हरच नाही आणि नवीन बोर्डावर सगळे पोर्ट त्याच कंट्रोलरवर असतात. मागे गोल पिनचं पीएस टू पोर्ट असेल तर जुना कीबोर्ड लावा, लगेच चालतो. नसेल तर सेटअपच्या फाईलमध्ये ड्रायव्हर आधीच घालून पेनड्राईव्ह बनवा, गिगाबाईटसारख्या कंपन्यांनी त्यासाठी छोटं टूल दिलेलं होतं. एनव्हीएमई एसएसडी (थेट बोर्डावर बसणारी वेगवान डिस्क) असेल तर तिचाही ड्रायव्हर तसाच घाला, नाहीतर डिस्क दिसतच नाही. त्यापेक्षा साधी, वायरने जोडायची साटा एसएसडी लावलेली बरी.

"स्टार्टिंग विंडोज" लिहून तिथंच अडकलं, पुढे हलतच नाही? बायोसमध्ये सिक्युअर बूट बंद करा आणि सीएसएम (जुन्या पद्धतीनं विंडोज चालू करायची सोय) चालू करा. इंटेलच्या अकराव्या जनरेशनपासून ऑनबोर्ड ग्राफिक्सवर सीएसएम चालत नाही, तिथं वेगळं ग्राफिक कार्ड लागतं.

जुनी हार्डडिस्क काढून तशीच नवीन मशीनला लावायची हीपण चूक नेहमीची. निळी स्क्रीन येते, आकड्याच्या शेवटी ७बी. डिस्क खराब नसते हो, बायोसमधला साटाचा मोड बदललेला असतो, ड्रायव्हर वेगळा लागतो. घाबरून फॉरमॅट मारू नका, त्याच डिस्कवर सगळी डिझाईनं आहेत.

ड्रायव्हर टाकल्यावर डिव्हाईस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह आणि कोड ५२ आला तर नवीन डिजिटल सहीचे ड्रायव्हर जुन्या विंडोजला ओळखू येत नाहीत असं समजा, केबी४४७४४१९ हा मायक्रोसॉफ्टचा अपडेट टाकला की बहुतेक वेळा जातं.

आणि नेट. १४ जानेवारी २०२० ला विंडोज ७ चा सपोर्ट संपला, क्रोमपण १०९ व्हर्जनवर थांबलं. त्या मशीनवर बँक, जीएसटी काही उघडू नका, लॅनची वायर काढूनच ठेवा.

माझं मत विचाराल तर दहातल्या बऱ्याच जणांना हा सगळा खटाटोप लागतच नाही. नवीन मशीनवर नवीनच विंडोज ठेवा, त्यात व्हर्च्युअलबॉक्स (कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर चालवणारं सॉफ्टवेअर) टाका आणि आतमध्ये विंडोज ७. यूएसबी डोंगल आत जोडता येतो, बिघडलं तर स्नॅपशॉटवरून, म्हणजे आधी जतन केलेल्या स्थितीवर, मागे जाता येतं. डॉसच्या प्रोग्रामसाठी आत ३२ बिटचंच विंडोज टाका, ६४ बिटवर १६ बिटचे प्रोग्राम चालत नाहीत. फक्त जाड प्रिंटर पोर्टवाला जुना डोंगल असेल तर इथं अडचण येते, त्यासाठी पोर्ट असलेलं जुनं मशीनच दुरुस्त करून ठेवा.

काहीही करायच्या आधी जुन्या डिस्कची पूर्ण इमेज (हुबेहूब प्रत) काढा, दुसऱ्या डिस्कवर. डोंगलला कारखान्याचं नाव चिकटवा आणि तो कपाटात कुलपात ठेवा, कारण ते सॉफ्टवेअर विकणारे आता फोन उचलतीलच असं नाही.