आयतन न मोजता द्रवाचं प्रसरण कसं काढायचं

दाबाखालच्या द्रवाचं औष्णिक प्रसरण काढायचं म्हटलं की आमच्या प्रयोगशाळेत नवी आलेली मुलं आधी विचारतात, आयतन कशाने मोजायचं? मी सांगते, आयतनाच्या मागे लागू नका, उष्णता मोजा. तापमान स्थिर ठेवून द्रव दाबला की बाहेर पडणारी उष्णता म्हणजे निरपेक्ष तापमान, आयतन, प्रसरणांक (तापमान एक अंशाने वाढलं की आयतन किती पटीने वाढतं तो आकडा) आणि वाढवलेला दाब यांचा गुणाकार. उष्मागतिकीतल्या मॅक्सवेलच्या संबंधातून हे सरळ निघतं. २५ अंशांना पाण्याचा प्रसरणांक दर केल्विनला ०.०००२५७ आहे. एक घन सेंटिमीटर पाण्यावर १० मेगापास्कल दाब चढवला तर जवळपास पाऊण ज्यूल मिळतो. काल्व्हे पद्धतीच्या कॅलरीमीटरला, म्हणजे नमुन्यात येणारी-जाणारी उष्णता भोवतीच्या थर्मोकपलनी मोजणाऱ्या यंत्राला, एवढं पुष्कळ झालं.

पण यंत्रावर पाऊण ज्यूल दिसणार नाही, साधारण ०.६२ दिसेल. आतून दाब आला की सेलची, म्हणजे द्रव ठेवलेल्या भांड्याची, स्टीलची भिंत ताणली जाते, आणि ताणलेला धातू उष्णता शोषतो. म्हणून निघालेल्या प्रसरणांकात स्टीलचा आयतन-प्रसरणांक, सुमारे ०.००००५, मिळवावा लागतो. हेक्झेन या खूप प्रसरण पावणाऱ्या सेंद्रिय द्रवाला तो किरकोळ वाटतो, पाण्याला मुळीच नाही. खात्री करायची तर पाणी ४ अंशांवर ठेवा आणि एकेक मेगापास्कलच्या छोट्या पायऱ्या घ्या. तिथे पाण्याचा स्वतःचा वाटा जवळजवळ शून्य असतो, त्यामुळे जी उष्णता शोषली जाताना दिसते ती स्टीलची. मला हा पडताळा सगळ्यात आवडतो.

मुंबईत मात्र ४ अंशांचं काम पावसाळ्यात जपून करा. जुलैतल्या हवेत कॅलरीमीटरच्या थंड धातूच्या ब्लॉकवर लगेच दव धरतं, त्याची उष्णता सिग्नलमध्ये येते आणि बेसलाइन (काही घडत नसतानाची सिग्नलची सपाट रेषा) सरकत राहते. भोवती कोरडा नायट्रोजन सोडा, एसी असला तरी.

सेल भरण्याआधी द्रवातली हवा काढा. पाणी उकळून झाकून थंड करा. हेक्झेन ज्वालाग्राही, ते कधीही आचेवर नको, व्हॅक्यूम लावा. पंपाकडून येणारी केशनळी ब्लॉकभोवती गुंडाळा, म्हणजे आत शिरणारा द्रव सेलच्याच तापमानाचा असेल. फिटिंग नागदेवी स्ट्रीटवर हवी तेवढी मिळतात, पण ज्यावर दाबाचं रेटिंग कोरलेलं नाही ते स्वस्त असलं तरी घेऊ नका.

आता पायरी चढवा, शिखर उमटेल, बेसलाइन जागेवर येईपर्यंत थांबा आणि शिखराखालचं क्षेत्रफळ घ्या, तीच उष्णता. मग तेवढाच दाब उतरवा. दोन्ही क्षेत्रफळं सारखी आणि विरुद्ध चिन्हांची हवीत. बेसलाइन परतलीच नाही तर आधी गळती शोधा, आकडेमोड नंतर.

सूत्रात सेलचं भूमितीय आयतन घालू नका. कॅलरीमीटरला सेलचा जेवढा भाग दिसतो तेवढंच आयतन धरायचं. ते हेक्झेनवरून काढा. वातावरणाच्या दाबाला, २५ अंशांवर त्याचा प्रसरणांक सुमारे ०.००१३९ असतो, त्या दाबाजवळच्या लहान पायऱ्या वापरा, कारण दाबाबरोबर तो झपाट्याने घटतो.

हेच हेक्झेन निरनिराळ्या तापमानांना मोजाल तेव्हा कमी दाबावर जास्त तापमानाचा प्रसरणांक मोठा येईल, आणि पुरेशा मोठ्या दाबावर तोच लहान येईल. वक्र एकमेकांना छेदतात. चूक झाली समजून ते आकडे वहीतून खोडू नका.